दोन मुकुटांचा राजा आणि नॉर्मंडीची प्रजा



मुंबईचा इतिहास वाचणाऱ्यांना २७ मार्च १६६८ ही तारीख परिचित असते. पोर्तुगालच्या राजकन्येशी झालेल्या विवाहाच्या करारातून इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मुंबई बेट मिळाले होते. त्या दिवशी त्याने ते वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. ही कथा आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते. चार्ल्सच्या बिरुदावलीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो स्वतःला इंग्लंड, स्कॉटलंड, फ्रान्स आणि आयर्लंड यांचा राजा म्हणवीत असे. त्या वेळी फ्रान्समध्ये चौदावा लुई मोठ्या थाटात राज्य करीत होता आणि चार्ल्सच्या हाती फ्रान्सची वीतभर भूमीही नव्हती. तरीही बिरुद चालू होते. १६०० साली कंपनीला पहिली सनद देणारी एलिझाबेथ राणीदेखील त्या सनदेत स्वतःला फ्रान्सची राणी म्हणविते.

या पोकळ शब्दामागे एक खराखुरा काळ आहे. इंग्लंडचा राजा एकेकाळी फ्रान्सच्या मोठ्या भूभागाचा प्रत्यक्ष धनी होता. एक प्रांत विवाहाने आला होता, दुसरा तलवारीने. विवाहाने आलेला तीनशे वर्षे टिकला. तलवारीने जिंकलेला, आणि ज्याच्यावर पुढे विधिवत कराराचे शिक्कामोर्तबही झाले, तो तेहतीस वर्षांत गेला. असे का घडले, हा आजचा विषय.

आधी पूर्वपीठिका थोडक्यात. १०६६ साली नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकले, त्यामुळे इंग्लंडचा राजा आणि नॉर्मंडीचा ड्यूक बहुधा एकच असे. पुढे ११५२ मध्ये अ‍ॅक्विटेनची वारस एलेनॉर हिने तरुण हेन्रीशी विवाह केला, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि फ्रान्सचा नैर्ऋत्य भाग, बोर्दो शहरासह, त्या घराण्याकडे आला. १२०४ मध्ये जॉन राजाने नॉर्मंडी गमावली. दोन्हीकडे जमिनी असलेल्या सरदारांना एकच धनी निवडावा लागला. इंग्लंडचा सरदार इंग्लंडचा व्हायला तेथून आरंभ झाला असे म्हणता येईल. बोर्दोच्या परिसरातील गॅस्कनी मात्र राहिली. १३४० साली तिसऱ्या एडवर्डने, आपली आई फ्रेंच राजकन्या आहे या आधारावर, थेट फ्रान्सच्या सिंहासनावरच अधिकार सांगितला. शंभर वर्षांचे युद्ध म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघर्षाचे हे मूळ, आणि त्या बिरुदाचेही.

आता आपण पाचव्या हेन्रीकडे येऊ. शेक्सपियरच्या नाटकाने या राजाला अमर केले. आपल्याकडेही इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या अनेक पिढ्यांनी अझँकूरच्या रणांगणावरची त्याची वीरश्री अभ्यासली. २५ ऑक्टोबर १४१५ ची ती लढाई होती. संख्येने कमी असलेल्या इंग्रज सैन्याने फ्रेंच सरदारांची फळी चिखलात गाडली, हे खरेच. नाटक त्यानंतर थेट तहाच्या आणि विवाहाच्या प्रसंगावर येते. मधली पाच वर्षे गळून जातात. नॉर्मंडी जिंकली गेली ती याच पाच वर्षांत.

१ ऑगस्ट १४१७ रोजी हेन्री नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. सप्टेंबरात कां शहर पडले आणि तेथे मोठी कत्तल झाली. १४१८ च्या जुलैअखेरीस त्याने प्रांताची राजधानी रूआँ हिला वेढा घातला. शहर तटबंदीचे होते, शिवाय आसपासच्या प्रदेशातून पळून आलेल्या निर्वासितांनी भरले होते. धान्य संपू लागले, तेव्हा किल्लेदारांनी लढण्यास निरुपयोगी अशा लोकांना वेशीबाहेर काढले. त्यांत म्हातारे होते, बायका होत्या, मुले होती, आजारी माणसे होती. ही संख्या सुमारे १२,००० होती असे सांगितले जाते. इंग्रज फळी आपल्याला वाट देईल अशी त्यांची आशा होती. हेन्रीने वाट दिली नाही. आपण त्यांना बाहेर काढले नाही, तेव्हा त्यांचा भार आपल्यावर नाही, अशी त्याची भूमिका होती. एका बाजूला बंद वेस, दुसऱ्या बाजूला इंग्रजांची मोर्चेबंदी, आणि मधल्या खंदकात ही हजारो माणसे भर हिवाळ्यात उघड्यावर राहिली. नाताळाच्या दिवशी त्यांना थोडे अन्न देण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच. १४१९ च्या जानेवारीत शहर शरण आले आणि त्याच्यावर ३ लाख सुवर्णमुद्रांची खंडणी बसली.

ज्यांच्या आप्तांनी त्या खंदकात प्राण सोडले, त्यांनी पुढची तीस वर्षे या राजाला व त्याच्या पुत्राला कर भरला. नॉर्मंडीतील इंग्रज राजवटीचा विचार करताना तो खंदक नजरेआड करता येत नाही.

आणि तरीही हेन्री हा नुसता लुटारू नव्हता, हे मान्य केले पाहिजे. त्याला राज्य करायचे होते. नॉर्मंडीचे जुने कायदे, जुनी न्यायालये, जुने रीतिरिवाज त्याने कायम ठेवले. राज्यकारभार फ्रेंच भाषेतच चालू राहिला. सैनिकांच्या लुटीवर त्याने कठोर नियंत्रण घातले. जो स्थानिक सरदार निष्ठेची शपथ घेईल त्याची जमीन त्याच्याकडे राहील, जो घेणार नाही त्याची जप्त होऊन इंग्रज सरदाराला मिळेल, असा व्यवहार ठरला. पुष्कळांनी शपथ घेतली. पुष्कळ जण घरदार सोडून लॉआर नदीच्या दक्षिणेला निघून गेले. इंग्रज वतनदारांवर जमिनीच्या बदल्यात लष्करी चाकरीची अट होती, म्हणजे वतन हीच छावणी झाली.

दैवाने हेन्रीला साथ दिली. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स हा वेडाच्या झटक्यांनी ग्रासलेला होता आणि दरबार दोन गटांत फाटला होता. सप्टेंबर १४१९ मध्ये मोंतरोच्या पुलावर बोलणी चालू असताना युवराजाच्या माणसांनी बर्गंडीच्या ड्यूकचा खून केला. सूडाने पेटलेला नवा ड्यूक थेट इंग्रजांना जाऊन मिळाला. आपसातील वैराने माणसे किती आंधळी होतात! प्रतिस्पर्ध्याचा सूड घेण्यासाठी या गृहस्थाने देशाचे सिंहासनच परक्याच्या पदरात टाकण्यास हातभार लावला.

२१ मे १४२० रोजी त्र्वा येथे तह झाला. हेन्रीचा विवाह वेड्या राजाच्या कन्येशी, कॅथरीनशी व्हावा. राजा जिवंत असेपर्यंत हेन्रीने त्याच्या वतीने कारभार पाहावा. राजाच्या पश्चात हेन्री व त्याचे वारस फ्रान्सचे राजे व्हावेत. युवराजाला वारसाहक्क नाही. दोन्ही राज्ये एका राजाखाली, पण प्रत्येकाचे कायदे व रिवाज स्वतंत्र. या तहाला फ्रान्सच्या राजाची संमती होती, राणी इझाबोची होती, पॅरिसच्या विद्यापीठाची होती. कागदाच्या दृष्टीने त्यात न्यून नव्हते.

गंमत अशी, की या विजयाने इंग्लंडमध्येही काही जण अस्वस्थ झाले. डिसेंबर १४२० मध्ये तेथील पार्लमेंटने तिसऱ्या एडवर्डच्या काळातील एका कायद्याची पुन्हा ग्वाही मागून घेतली. आपला राजा फ्रान्सचाही राजा झाला, तरी फ्रान्सचा राजा या नात्याने त्याची सत्ता इंग्लंडवर चालणार नाही, असे तो कायदा सांगत होता. जिंकणाऱ्यांनाही आपले निराळेपण हरवण्याची भीती वाटत होती. स्वतः हेन्री १४१७ नंतर मायदेशी पाठवायची पत्रे इंग्रजीत लिहवून घेऊ लागला. त्यापूर्वी राजाचा पत्रव्यवहार फ्रेंच वा लॅटिनमध्ये चाले. फ्रान्स जिंकण्यास निघालेल्या राजाच्या लेखणीने फ्रेंच सोडून स्वभाषा धरावी, ही घटना बोलकी आहे. समुद्राच्या अलीकडे आणि पलीकडे दोन निराळे समाज आहेत, हे तह करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या प्रजेला अधिक स्पष्ट कळत होते.

हेन्री फ्रान्सचा राजा झालाच नाही. ३१ ऑगस्ट १४२२ रोजी, वयाच्या पस्तिशीत, पॅरिसजवळ व्हँसेन येथे रोगाने त्याचा अंत झाला. वेडा चार्ल्स त्याच्यानंतर जेमतेम सात आठवडे जगला. तहाप्रमाणे दोन्ही मुकुट हेन्रीच्या पुत्राकडे आले. त्याचे वय होते साडेदहा महिने.

बाळाच्या नावाने फ्रान्सचा कारभार पाहिला तो त्याचा चुलता बेडफर्डचा ड्यूक जॉन याने. हा खरोखर कर्तबगार आणि न्यायी वृत्तीचा पुरुष होता. नॉर्मंडीच्या प्रातिनिधिक सभा तो नियमितपणे बोलावी आणि कर त्यांच्या मंजुरीने घेई. कां येथे १४३२ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, आजही तेथे विद्यापीठ आहे. त्याने स्वतः बर्गंडीच्या ड्यूकच्या बहिणीशी विवाह केला, फ्रेंच ग्रंथसंग्रह विकत घेतला, रूआँच्या कॅथेड्रलवर प्रेम केले आणि शेवटी तेथेच चिरविश्रांती घेतली. परकीय राज्यकर्ता म्हणून याहून चांगला माणूस मिळणे कठीण होते. त्यामुळेच त्याचे अपयश अधिक विचार करण्याजोगे ठरते.

राजा बाल आहे आणि परका आहे, हे लोकांच्या मनातून जावे म्हणून बेडफर्डने प्रचाराची साधनेही वापरली. सालू नावाच्या सोन्याच्या नाण्यावर दोन्ही राज्यांची चिन्हे शेजारी शेजारी कोरली. सेंट लुई या पूज्य पूर्वजापासून बाळराजापर्यंत दोन्ही बाजूंनी वंश कसा येतो, हे दाखवणारा चित्रमय वंशवृक्ष, सोबत काव्य, असा फलक करवून तो पॅरिसच्या नोत्र दाममध्ये लावला. अशाच एका फलकाची रॅन्सच्या एका धर्माधिकाऱ्याने नासधूस केली, तेव्हा त्याला शिक्षा झाली ती त्याच फलकाच्या दोन नव्या प्रती करून देण्याची! निष्ठा अशा रीतीने वसूल करावी लागत होती.

लष्करी यशही पहिली काही वर्षे मिळाले. १४२४ मध्ये व्हेर्नई येथे इंग्रजांनी मोठा विजय मिळवला. १४२८ च्या ऑक्टोबरात ऑर्लिआंला वेढा पडला. पुढचे सर्वश्रुत आहे. लोरेनच्या सीमेवरील एका शेतकऱ्याची सतरा वर्षांची मुलगी उठली, युवराजापर्यंत पोचली, आणि ८ मे १४२९ रोजी वेढा उठला. १७ जुलैला रॅन्सच्या कॅथेड्रलमध्ये युवराजाचा राज्याभिषेक झाला. त्र्वाच्या तहाने जो वारसाहक्काला मुकला होता, तो आता सातवा चार्ल्स झाला. जोन ऑफ आर्कचे राजकारण साधे होते. इंग्रजांनी आपल्या देशी परत जावे आणि राजाचा अभिषेक जेथे व्हायचा तेथे व्हावा, एवढेच तिचे म्हणणे. तहातील कलमे तिच्या गावी नव्हती.

तिचा शेवट आपणा सर्वांना ठाऊक आहे. ३० मे १४३१, रूआँचा बाजारचौक, चिता. त्याच्या तपशिलातील एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगितली पाहिजे. तिला न्यायासनासमोर उभी केली ती इंग्रजांच्या पैशाने आणि इंग्रजांच्या इच्छेने, पण न्यायासनावर बसलेले बहुतेक सारे फ्रेंच होते. मुख्य न्यायाधीश बोव्हेचा बिशप प्येर कोशाँ हा इंग्रज दरबाराचा सल्लागार असलेला फ्रेंच धर्मगुरू. तिच्यावरील आरोपांना पांडित्याचा आधार दिला तो पॅरिस विद्यापीठातील विद्वानांनी. परकी सत्ता कोठेही केवळ परक्यांच्या बळावर उभी राहत नाही. विद्वान, वतनदार, अधिकारी असे एतद्देशीय तिला खांदा देतात, आणि त्यांतील काही जण आपण कायद्याचे व शांततेचेच रक्षण करीत आहोत असे प्रामाणिकपणे मानत असतात. कोशाँच्या मनात काय होते हे देव जाणे. पंचवीस वर्षांनी, १४५६ मध्ये, त्याच रूआँ शहरात तो निकाल रद्दबातल घोषित झाला.

त्याच वर्षी, १४३१ च्या डिसेंबरात, दहा वर्षांच्या सहाव्या हेन्रीला पॅरिसला आणण्यात आले. त्या काळातील एका अनाम पॅरिसवासीयाची दैनंदिनी उपलब्ध आहे. लेखक सातव्या चार्ल्सच्या पक्षाचा मुळीच नव्हता, उलट बर्गंडीकडे झुकलेला होता. म्हणून त्याची साक्ष मोलाची. तो लिहितो, की मिरवणूक राणी इझाबोच्या वाड्याखालून गेली, तेव्हा खिडकीत उभ्या असलेल्या आजीकडे पाहून त्या मुलाने टोपी काढून अभिवादन केले. तिनेही नम्रपणे मान लववली आणि मग तोंड फिरवून ती रडू लागली. पोटच्या मुलाला दूर सारणाऱ्या तहाला संमती देणारी हीच राणी.

१६ डिसेंबरला नोत्र दाममध्ये अभिषेक झाला. पॅरिसच्या बिशपला बाजूला सारून तो विधी एका इंग्रज कार्डिनलने केला. मेजवानीचे अन्न आदल्या गुरुवारी शिजवलेले होते, इस्पितळातील रुग्णांनीही त्यातल्या उष्ट्याला नाके मुरडली, नव्या राजाने रिवाजाप्रमाणे करांत सूट दिली नाही, कैदी सोडले नाहीत, अशी तक्रार दैनंदिनीकार करतो. शिळ्या अन्नाची ही कुरकुर क्षुल्लक वाटेल. परंतु राजाने प्रजेला कसे जेवू घालावे, कशावर सूट द्यावी, कोणाच्या हातून मुकुट घ्यावा, याचा एक परंपरागत संकेत असतो, आणि तो नव्या मंडळींना उमगलाच नाही. काही आठवड्यांतच बाळराजा इंग्लंडला परतला. पुढे चाळीस वर्षे तो जगला, पण या राज्यात त्याने पुन्हा पाऊल ठेवले नाही.

पुढची घसरण वेगाने झाली. मोकाट सैनिकांपासून संरक्षणासाठी नॉर्मंडीच्या गावकऱ्यांना शासनानेच शस्त्रे बाळगू दिली होती. १४३५ मध्ये को प्रदेशातील शेतकऱ्यांनी तीच शासनावर उगारली. उठाव निर्दयपणे मोडला गेला आणि तो सुपीक प्रदेश ओस पडला. जंगलांत राहून इंग्रज तुकड्यांवर छापे घालणाऱ्यांना सरकारी दप्तर लुटारू म्हणे. त्यांत खरे लुटारूही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १४३५ च्या सप्टेंबरात बेडफर्ड वारला आणि त्याच आठवड्यात बर्गंडीच्या ड्यूकने इंग्रजांची साथ सोडून सातव्या चार्ल्सशी समेट केला. पुढील एप्रिलमध्ये पॅरिस गेले. नागरिकांनीच आतून मदत केली.

नॉर्मंडी आणखी तेरा वर्षे इंग्रजांकडे राहिली, कारण सैन्य तेथे होते. १४४९ मध्ये, तह चालू असतानाच, इंग्रजांच्या बाजूने ब्रिटनीतील फूजेर शहर लुटले गेले आणि चार्ल्सला निमित्त मिळाले. त्या ऑक्टोबरात रूआँचे नागरिक उठले. इंग्रज सेनापती सॉमरसेट बालेकिल्ल्यात कोंडला गेला आणि शरण आला. १४१९ मध्ये सहा महिने उपाशी राहून झुंजलेले हेच शहर, या खेपेस स्वतःहून वेस उघडून उभे राहिले. १५ एप्रिल १४५० रोजी फोर्मिन्यी येथे शेवटची इंग्रज फौज कापली गेली, १२ ऑगस्टला शेर्बुर पडले. एका वर्षात अवघा प्रांत गेला. बहुतेक शहरांनी वेढ्याची झळ लागण्याआधीच दारे उघडली.

येथपर्यंतची कथा ऐकून टाळ्या वाजवणे सोपे आहे. परंतु बोर्दोचे काय? तेथेही राजा इंग्लंडचाच होता आणि तेथील लोकही समुद्रापलीकडचेच होते. पण १४५१ मध्ये सातव्या चार्ल्सच्या फौजांनी बोर्दो घेतले, तेव्हा तेथील नागरिकांना मुक्त झाल्याचा आनंद झाला नाही. उलट त्यांनी गुपचूप इंग्लंडला निरोप धाडला, आणि १४५२ च्या ऑक्टोबरात वृद्ध सेनापती टॅल्बट सैन्य घेऊन आला, तेव्हा आपल्या हातांनी वेशी उघडल्या. हे वास्तव टाळून राष्ट्रभावनेची चर्चा केली, तर ती प्रामाणिक होणार नाही.

कारणे उघड आहेत. बोर्दो कधी इंग्रजांनी जिंकले नव्हते. एलेनॉरच्या विवाहापासून तेथील लोक इंग्लंडच्या राजाला आपल्याच जुन्या ड्यूक घराण्याचा वारस मानत. नगराची सभा, गॅस्कन भाषा, स्थानिक सरदारांचे अधिकार यांत फारशी ढवळाढवळ झाली नाही. इंग्रजांना तेथे जमिनी वाटल्या गेल्या नाहीत. आणि द्राक्षाच्या मद्याचा व्यापार! चौदाव्या शतकाच्या आरंभी एका वर्षात सुमारे १ लाख मोठी पिंपे त्या किनाऱ्यावरून निघत, त्यांतली पुष्कळशी इंग्लंडकडे. दूरचा राजा कर कमी मागतो आणि माल विकत घेतो, तर जवळचा राजा अधिकारी आणि करवसुलीदार पाठवतो, असा त्यांचा हिशेब होता.

म्हणजे पंधराव्या शतकातील फ्रान्समध्ये आज आपण ज्याला राष्ट्र म्हणतो ते पूर्णपणे सिद्ध झालेले नव्हते. बोर्दोचा माणूस स्वतःला गॅस्कन समजे. आजची व्याख्या मागे नेऊन त्याला देशद्रोही ठरवणे अन्यायाचे होईल. नॉर्मंडीत मात्र ती भावना त्या तेहतीस वर्षांत घडली, आणि ती घडवली खंदकातल्या मृतांनी, जप्त झालेल्या वतनांनी, छावण्यांच्या करांनी आणि चौकातल्या चितेने. फ्रेंच राजांनी नॉर्मंडीला फ्रान्सशी जोडण्यासाठी दोन शतकांत जे केले नसेल, ते हेन्रीच्या विजयाने एका पिढीत केले. सुराज्य आणि स्वराज्य यांतला भेद आपल्याला लोकमान्यांच्या काळापासून ठाऊक आहे. बेडफर्डने नॉर्मंडीला बऱ्यापैकी सुराज्य दिले होते. बोर्दोच्या लोकांना मात्र आपले राज्य आपल्या हाती आहे असेच वाटत होते, राजा कोणत्याही किनाऱ्यावर राहो.

१७ जुलै १४५३ रोजी कास्तीयों येथे फ्रेंच तोफांपुढे टॅल्बट पडला आणि ऑक्टोबरात बोर्दो पुन्हा शरण आले. चार्ल्सने शहराचे विशेषाधिकार काढून घेतले, मोठा दंड बसवला आणि त्याला धाकात ठेवण्यासाठी दोन किल्ले बांधायला घेतले. आपल्याच म्हणवणाऱ्या राजाला आपल्याच शहरावर पहारा बसवावा लागला. त्याचा पुत्र अकरावा लुई अधिक धूर्त होता. त्याने बरेचसे अधिकार परत दिले, आणि बोर्दो हळूहळू फ्रेंच झाले.

त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीचे भान हरपले. सुमारे दीड वर्ष तो कोणाला ओळखत नव्हता. पुत्र झाला तेही त्याला कळले नाही. फ्रान्सच्या वेड्या चार्ल्सचा तो नातू होता. त्र्वाच्या तहाने आजोबांचे सिंहासन त्याला मिळाले होते ते हातून गेले, आजोबांचे दुखणे मात्र वारशाने आले असावे असे पुष्कळांना वाटते. त्यानंतर इंग्रजांकडे उरले ते एकटे कॅले बंदर, तेही १५५८ च्या जानेवारीत गेले.

बिरुद मात्र कोणी सोडले नाही. मुंबईची सनद देणाऱ्या चार्ल्सकडे ते होते, प्लासीच्या वेळी दुसऱ्या जॉर्जकडे होते. १७९७ मध्ये लील येथे वाटाघाटी झाल्या, तेव्हा फ्रान्सच्या प्रतिनिधींनी ते सोडण्याची मागणी केली. शेवटी १ जानेवारी १८०१ रोजी, आयर्लंडशी एकीकरण झाल्याच्या दिवशी, तिसऱ्या जॉर्जच्या बिरुदावलीतून फ्रान्सचे नाव आणि राजचिन्हातून फ्रान्सची लिलीची फुले काढण्यात आली. त्या वेळी फ्रान्समध्ये राजाच उरला नव्हता. सोळाव्या लुईचा शिरच्छेद होऊन आठ वर्षे होत आली होती.